चालू असो की बंद

सिंधूताईंचं मशीन चालू होईपर्यंत एखाद्या घरी मुलगी पाहून, चहापोहे होऊन, नकारही कळवून झाला असता. सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, मग आत जाऊन कुकर लावायचा, तुळशीला पाणी घालायचं, दूधवाल्याशी दुधातल्या पाण्यावरून वाद घालायचा आणि परत येऊन पाहावं तर पडद्यावरचं ते निळं वर्तुळ अजून गरगरतंच आहे. ताईंना त्या वर्तुळाचा मनस्वी राग होता. पण मशीनला दुसऱ्या कोणी नावं ठेवलेली त्यांना अजिबात खपत नसत.

घर राजापेठेतलं, आणि पुढची खोली थेट रस्त्याला लागून. दारावर पाटी, 'चिंतामणी ग्राफिक्स'. चिंतामणराव म्हणजे ताईंचे यजमान, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. ग्राफिक्सशी त्यांचा संबंध पाटीपुरता. आत बसून लग्नपत्रिका जुळवत त्या सिंधूताई. पाटी नवऱ्याच्या नावाची का, हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी काढलं नव्हतं.

पत्रिका जुळवणं म्हणजे नुसतं टायपिंग, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा त्या खुर्चीत बसून पाहावं. कोणत्या काकाचं नाव कोणत्या काकाच्या वर घालायचं, रुसलेल्या आत्याला कुठल्या ओळीत बसवलं म्हणजे ती हसेल, वारलेल्या आजोबांच्या नावाआधी 'कै.' राहून गेलं तर मांडवात काय होईल, हे सगळं ताईंना तोंडपाठ होतं. वलगावपासून चांदूर बाजारपर्यंत घरोघरच्या पत्रिका त्यांच्या मशीनमध्ये जपून ठेवलेल्या होत्या. थोरलीच्या लग्नानंतर काही वर्षांनी धाकटीचं ठरलं की लोक येत आणि म्हणत, "ताई, थोरलीची काढा अन् तिच्यातच बदल करा." आणि ताई काढत.

मुलगा शुभंकर पुण्याला नोकरीला. त्यानं मागच्या वर्षी आईसाठी नवा लॅपटॉप आणला. छान होता, हलका होता, पण ताईंच्या जुन्या फाँटचं सॉफ्टवेअर त्याच्यावर काही चालेना. 'चि. सौ. कां.'च्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. "सगळं युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करायचं आई, त्यात काय एवढं," शुभंकर म्हणाला. "काहीच नाही," ताई म्हणाल्या, "बस मग अन् कर." तो लॅपटॉप आता चिंतामणरावांकडे आहे. ते त्यावर कीर्तनं ऐकतात.

खरी गोष्ट मात्र लॅपटॉपची नव्हतीच, खोलीची होती. शेजारच्या इमारतीत नितेश सरांचे गणिताचे क्लास चालत आणि मुलं जिन्यावर बसू लागली होती, इतकी गर्दी. सरांना रस्त्यालगतची ही खोली हवी होती. चिंतामणरावांना ती कल्पना पसंत पडली आणि शुभंकरलाही. "सिंधूला जरा विश्रांती मिळेल," असं दोघं म्हणू लागले. स्वयंपाकातून, पाहुण्यारावळ्यांतून, सणवारांतून आजवर या घरात त्यांना कोणी विश्रांती दिली नव्हती. ज्या एका कामानं त्यांना नाव दिलं होतं, विश्रांती मिळणार होती ती नेमकी त्याच कामातून. हे कळायला ताईंना फार डोकं चालवावं लागलं नाही.

गणपतीत त्यावरून घरात वाजलं. राग आला की ताईंची माहेरची, वलगावची बोली उसळून वर येई. "बंद पडू द्या मशीन," त्या तडकून म्हणाल्या, "ज्या दिवशी बंद पडन त्या दिवशी देईन खोली. तोवर माह्यासमोर नाव काढू नका!"

आणि हीच चूक झाली. बापलेकांनी तो शब्द उचलून नीट ठेवून दिला. त्यानंतर मशीन जरा अडखळलं की चिंतामणराव आतून विचारत, "बंद पडलं का गं?" नितेश सर स्कूटी लावता लावता फार अदबीनं म्हणत, "काकू, मशीन काय म्हणते?" ताई म्हणत, "तुमच्याविषयी चांगलं नाही म्हणत."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा चांदूर बाजारचे किसनराव आले. त्यांचा संत्र्याचा बगीचा, मोठं खटलं आणि त्याहून मोठे रुसवे. धाकट्या आकांक्षाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच धरलं होतं. थोरलीची पत्रिका ताईंनीच केली होती, तेव्हा तीच काढायची होती. किसनरावांना समोर बसवून ताईंनी फाईल उघडायला घेतली. वर्तुळ गरगरलं. किसनरावांचा चहा संपला. वर्तुळ गरगरतच राहिलं. मग पडदा जागच्या जागी थिजला आणि माऊस मेल्यासारखा पडून राहिला.

"ताई," किसनराव चाचरत म्हणाले, "राग नका मानू, पन दुसरीकून करून घेऊ काय? लक्ष्मीपूजनाले पयली पत्रिका अंबादेवीपुढं ठेवाची हाये. मायनं नवस बोलून ठेवला."

"घ्या करून," ताई म्हणाल्या. "अन् तुमचे दोन भाऊ बोलत नाईत एकमेकांशी, त्यांची नावं एका ओळीत आली तर मांडवात कोन सांभाळन?"

किसनरावांनी टोपी हातात फिरवली. "तेच तं," ते म्हणाले. "म्हनूनच तं तुमच्याकडं आलो."

"मग लक्ष्मीपूजनाले या. पत्रिका तयार भेटन."

ते गेले आणि ताईंना घाम फुटला. मेलेल्या माऊसच्या जोरावर त्यांनी देवीच्या दारातलं काम अंगावर घेतलं होतं. मशीन आता बसलं तर पत्रिका जाणार, शब्दही जाणार आणि खोली तर हातोहात जाणार. पण रडत बसणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी अकोल्याला बहिणीच्या मुलाला, कुलदीपला फोन लावला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"मावशी, डोकं चांगलं आहे तुह्या मशीनचं," सगळं ऐकून घेऊन कुलदीप म्हणाला. "त्याले जागा कमी पडून राह्यली. मेमरी म्हंजे ओटा समज, अन् हार्ड डिस्क म्हंजे मागची कोठी. तुहा ओटा एवढासा आहे. एक भांडं ठेवाचं तर दुसरं उचलून कोठीत न्या लागते. अन् कोठीचं दारही जुनं झालं, कुरकुर करत उघडते. आपण ओटा मोठा करू अन् कोठी नवी देऊ. नवीन मशीन कायले घेतं?"

"माह्या पत्रिका?"

"जशाच्या तशा राहतीन. जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल नव्या डिस्कवर करून देतो, फाँटासकट. फक्त मले दिवाळीत दुकान सोडून येता नाही येणार. डिस्क तुलेच काढून आणा लागन."

"मग काढते," ताई म्हणाल्या.

व्हिडिओ कॉलवर कुलदीप आणि हातात पेचकस, अशा थाटात त्यांनी कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झाकणी पहिल्यांदा उघडली. चिंतामणराव दारातून म्हणाले, "अगं, करंट लागेल." "प्लग काढलाय." "तरी पण." त्या 'तरी पण'कडे लक्ष न देता ताईंनी डिस्क सोडवली, मऊ कापडात गुंडाळली, पोळ्यांच्या डब्यात घातली आणि सकाळच्या एसटीनं निघाल्या. मूर्तिजापूरपर्यंत उभ्यानं प्रवास झाला. कोणीतरी डबा वर ठेवायला हात पुढे केला तेव्हा त्या इतक्या जोरात "नाही!" म्हणाल्या की त्या माणसानं उठून बसायला जागा दिली.

संध्याकाळी त्या परतल्या तेव्हा डब्यात जुनी डिस्क होती, पत्त्यांच्या कॅटपेक्षा पातळ अशी नवी डिस्क होती, आणि मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या होत्या. शुभंकर पुण्याहून दिवाळीला येऊन पोचला होता. "आई, अगं या वयात तू हे..." असं काहीतरी तो बोलू लागला. ताईंनी त्याच्यासमोर चकलीचं ताट सरकवलं. तोंड बंद करायचा तो त्यांचा जुना उपाय होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सकाळची अंघोळ उरकून ताई बसल्या. कॅबिनेट आडवं केलं. नवी डिस्क लावली. कुलदीप फोनवरून सांगत होता तशी मेमरीची जुनी पट्टी काढली आणि नव्या दोन्ही पट्ट्या खाचांमध्ये टक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. मग बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला आणि मशीन पिंपिंप करून ओरडू लागलं. थांबे आणि पुन्हा ओरडे.

पट्ट्या काढून पुन्हा लावल्या, तरी तेच. नव्या काढून जुनी होती तिथं लावली, तरीही तेच. आता तर आधीचं रखडणारं मशीनही राहिलं नव्हतं. फोनमधला कुलदीपचा आवाज पडला. "मावशी, खाचा गेल्या असतीन. बोर्ड जुनं आहे ना. असं होते कधी कधी."

चिंतामणराव आतून आले. या खेपेला त्यांनी 'बंद पडलं का गं' असं विचारलं नाही, कारण दिसतच होतं. शुभंकर आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आई, खूप केलंस तू. पण तूच म्हणाली होतीस ना." तो प्रेमानंच म्हणाला, आणि ते प्रेमच ताईंना जास्त झोंबलं. तेवढ्यात दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला म्हणून नितेश सर आले. त्यांनी एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा चिंतामणरावांकडे पाहिलं, आणि फळा कुठल्या भिंतीवर बसेल ते बघायला खिशातून मोजायची टेप काढली. सर्रकन ती भिंतीवरून सरकली.

तो आवाज ताईंच्या डोक्यात गेला.

"सर, टेप आत घ्या," त्या म्हणाल्या. "अजून कोनी मेलं नाही इथं."

"सणासुदीचं काय बोलतेस!" चिंतामणराव कळवळले.

"सणासुदीचं मोजून कोन राह्यलं, मी काय?" ताईंनी फोनचा टॉर्च लावला, चष्मा नाकावर घट्ट केला आणि आडव्या मशीनमध्ये मान घालून त्या खाचा न्याहाळू लागल्या. बराच वेळ त्या तशाच वाकून होत्या. मग त्यांनी करंगळीचं टोक आत फिरवलं आणि बोट उजेडात धरलं.

बोट लाल झालं होतं.

आयुष्यभर पत्रिकांच्या लाल शाईत वावरलेल्या बाईला हा लाल कुठला आहे ते विचारावं लागलं नाही. त्यांनी टॉर्च पुन्हा आत फिरवला. एका खाचेत कुंकवाचा सुकलेला थर होता, आणि दुसरीत हळदीनं माखलेला तांदळाचा दाणा उभाच्या उभा रुतला होता. बाजूला झेंडूची वाळकी पाकळी आणि आपट्याच्या पानाचा चुरा. सगळे दसरे तिथं जमा झाले होते.

दर खंडेनवमीला, आणि मग दसऱ्याला, आणि मग लक्ष्मीपूजनाला चिंतामणराव सोवळ्यात या खोलीत येत. एरवी त्यांचा हात मशीनला लागत नसे. त्या दिवशी मात्र ते स्पष्ट उच्चारात मंत्र म्हणत, फुलानं पाणी शिंपडत, वरच्या जाळीवर कुंकू वाहत, अक्षता वाहत, सोनं ठेवत. ताई मागे आरतीचं तबक धरून उभ्या राहत. यजमान पूजा करतात आणि बायको मागे उभी राहते, ही त्या घराची रीत. मशीन आजवर उभं होतं म्हणून तो प्रसाद कुठंकुठं अडकून राहिला होता. ताईंनी ते आडवं केलं आणि तो सुटून खाचांमध्ये उतरला. वरून ताईंनीच पट्ट्या दाबून तो आत ठासला होता.

"मावशी," फोनमधून कुलदीप म्हणाला, "ते कुंकू आहे काय?" आणि तो हसू आवरू शकला नाही.

चिंतामणरावांचा चेहरा उतरला. "मी तर बाहेरूनच वाहिलं," ते म्हणाले.

"वर जाळी आहे! जाळीतून ते कुठं जाईल, वैकुंठाले?"

शुभंकर तोंड फिरवून हसला. नितेश सरांनी टेप खिशात घातली. ताई मात्र हसल्या नाहीत. एवढी वर्षं त्यांनी या मशीनपुढे बसून मान मोडून काम केलं होतं. ते थकलं तर 'म्हातारं झालं' म्हणून त्याला आणि त्याच्याबरोबर त्यांनाही निकालात काढायला सगळे बसले होते. एकानंही ते उघडून पाहिलं नव्हतं. आपणही इतकी वर्षं पाहिलं नव्हतं, हे त्यांना आठवलं आणि जास्तच राग आला.

"काय करू सांग," त्या कुलदीपला म्हणाल्या.

"पह्यले प्लग काढ. सुई नको घेऊ, लाकडाची काडी घे, अन् कोरडा ब्रश. पट्ट्यांची सोनेरी कड खोडरबरनं घास."

उदबत्तीच्या काडीनं ताईंनी तो दाणा अलगद उचलला. नव्या टूथब्रशनं खाचा झाडल्या, पुन्हा झाडल्या. शुभंकरला खोडरबर देऊन पट्ट्या घासायला बसवलं आणि तो मुकाट्यानं बसला. चिंतामणरावांना वाटलं आपणही काही करावं. ते म्हणाले, "मी टॉर्च धरू का?" "धरा. हलवू नका," ताई म्हणाल्या.

मग पट्ट्या पुन्हा बसल्या. प्लग लागला. ताईंनी बटण दाबलं आणि सवयीनं उठल्या, कारण आता कुकर लावायचा. त्या दारापर्यंत पोचल्या नाहीत तोच मागून शुभंकर ओरडला, "आई!"

पडदा उजळून तयार होता. ते निळं वर्तुळ एक फेराही धड पुरा न करता निघून गेलं होतं. ताईंनी परत येऊन किसनरावांच्या थोरलीच्या पत्रिकेवर माऊस नेऊन बोट दाबलं आणि बोट उचलायच्या आत ती उघडली. 'चि. सौ. कां.' जिथल्या तिथं होतं. काका काकांच्या जागी होते. ताईंकडे रडायला वेळ नव्हता.

"जिंकलीस बुवा," शुभंकर मोकळेपणानं म्हणाला. "मशीन चालू झालं, म्हणजे खोली तुझी. शब्द म्हणजे शब्द."

ताईंनी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो शब्द मी परत घेऊन राह्यली. रागात दिला, चुकीचा दिला. मशीन चालू झालं म्हणून खोली माही राह्यली, असं कोनी समजू नका. उद्या हे खरंच बसलं, पुरं जळून गेलं, तरी खोली माही. मी इथं नुसती रिकामी बसीन, खिडकीतून रस्ता पाहीन, पन बसीन. चालू असो की बंद! मशीनच्या जिवावर नाही बसत मी इथं."

नितेश सरांनी घसा साफ केला. "काकू, आमच्या क्लासचं एक पत्रक करायचं होतं..."

"किसनरावांच्या पत्रिकेनंतर," ताई म्हणाल्या. "बसा तवर जिन्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनराव आले आणि उभ्याउभ्याच त्यांनी पत्रिका वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचली. न बोलणारे दोन्ही भाऊ मामाच्या नावाच्या एक या बाजूला आणि एक त्या बाजूला असे बसवले होते. किसनरावांनी पत्रिका कपाळाला लावली, टोपी घातली आणि थेट अंबादेवीकडे निघाले.

संध्याकाळी रस्त्यावर फटाके सुरू झाले. आत लक्ष्मीपूजन आटोपलं. चिंतामणराव सोवळ्यातच तबक घेऊन पुढच्या खोलीकडे आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याशी थांबले.

"मशीनची पूजा राहिली आहे," ते म्हणाले. आणि मग खालच्या आवाजात, "येऊ का?"

ताईंनी हातातलं काम थांबवलं, पदर सावरला आणि उठून त्यांच्या हातातून कुंकवाची कोयरी घेतली. तबक त्यांच्याच हातात राहू दिलं. "तुमी मागं राहा," त्या म्हणाल्या. बोट कुंकवात टेकवून त्यांनी कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला, बटणाखाली, एकच ठिपका लावला. जाळी त्यांनी दुपारीच धुतलेल्या कापडानं झाकून ठेवली होती. अक्षता वाहिल्या त्या टेबलावर, आणि फूलही टेबलावरच. चिंतामणराव आरतीचं तबक धरून मागे उभे होते. त्यांनी मंत्र म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मग ते मिटून घेतलं.

ताईंनी हात जोडले, कोयरी तबकात ठेवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. पुढची पत्रिका वलगावची होती आणि तिच्यात आत्या फार होत्या.

"झालं," त्या मागे न बघता म्हणाल्या. "आता सरका थोडे. उजेड अडवून राह्यले तुमी."